नखं कापली आणि रंधा धरला : कोल्हापुरात हातानं गिटार घडवताना

सहातारी

राम राम मंडळी. वाद्यदुरुस्तीच्या धाग्यावर मी मध्ये दोन ओळी खरडल्या आणि व्यनिंची (व्यक्तिगत निरोपांची) झड लागली. प्रत्येकाला वेगळं काय लिहायचं, म्हणून एकदाच सगळं सांगून टाकतो.

मी मूळचा वाजवणारा. वीस वर्षं तेच केलं. गणपतीत ऑर्केस्ट्रा, लग्नसराईत हळदी, सीझनला गोव्यातली हॉटेलं, उरलेल्या दिवसांत राजारामपुरीत क्लास. क्लासिकल गिटार मात्र स्वतःपुरती, रात्री, दार लावून. त्याला उजव्या हाताची नखं लागतात. नायलॉनच्या तारेला नख बरोबर लागलं तर सूर गोल निघतो, नाहीतर पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. मी रोज बारीक पॉलिशपेपरनं नखं घासायचो. घरात मला कधी कुणी नारळ सोलायला सांगितला नाही.

एका जुलैत बॅग उघडली तर गिटारची घोडी, म्हणजे तारा बांधतात ती पट्टी, निम्मी उचलून आलेली. गल्लीतल्या सुताराकडं नेली. त्यानं प्रेमानं दोन स्क्रू मारून दिले. पंधरा दिवसांत स्क्रूसकट वर. मग कुणीतरी म्हणालं, मिरजेला जा, तिथं सतारी-तंबोरे करतात, तारेच्या वाद्याला त्यांच्याइतकं कोण ओळखणार? गेलो.

तिथल्या उस्तादांनी गिटार मांडीवर घेतली आणि घोडीकडं बघितलंही नाही. बोटाच्या पेरानं तबलीवर, म्हणजे पुढच्या पातळ फळीवर, टकटक केलं, कान लावला, दोन बोटं सरकून पुन्हा टकटक. मग म्हणाले, "घोडी बसवून देतो. पण याला तबलीच नाही. प्लायवूडचा पाट आहे हा."

वीस वर्षं मी पाट वाजवत होतो!

पुढची तीन वर्षं रविवारच्या पॅसेंजरनं मिरज. पहिले दोन महिने फक्त धार लावली. रंध्याचं पातं, पटाशी, पुन्हा रंध्याचं पातं. एकदा पटाशी निसटली आणि अंगठ्याचं नख मधोमध चिरलं. त्या दिवशी दुपारी तिथंच नेलकटर मागून पाचही नखं कापली. क्लास वर्षभरानं बंद केला.

आता शिवाजी पेठेत माडीवर एक खोली आहे. वर्षाला चार, फार तर पाच गिटारी होतात. क्लासिकल आणि फ्लॅमेंको, दोन्ही. विचारा काय विचारायचं ते.

तांबडा_पांढरा

नाद खुळा! पण एक अडाणी शंका. क्लासिकल आणि फ्लॅमेंको यात फरक काय हो? दोन्हीला सहाच तारा, दोन्ही नायलॉनच्या.

सहातारी

अडाणी अजिबात नाही, मला स्वतःला कळायला वेळ लागला.

फ्लॅमेंकोची गिटार वाढली ती स्पेनमध्ये, गाणं आणि नाच यांच्या सोबतीला. नाचणाऱ्याच्या टाचा फळीवर पडतायत, टाळ्या चालू आहेत, त्यात गिटारचा सूर रेंगाळून चालत नाही. यायचं, लागायचं, बाजूला व्हायचं. लावणीत ढोलकी कशी पायाला उत्तर देते, तसं समजा. क्लासिकलला उलट हवं. तिथं सूर टिकला पाहिजे, एक विरायच्या आत दुसरा त्यात मिसळला पाहिजे.

आता हे लाकडात कसं उतरतं बघा. पारंपरिक फ्लॅमेंकोच्या पाठीला आणि बाजूंना सायप्रस, म्हणजे हलकं, फिकट पिवळं लाकूड. क्लासिकलला शिसव किंवा तसंच जड लाकूड. फ्लॅमेंकोची पेटी जरा उथळ, तिचं लाकूडही जरा पातळ ठेवतात. तारा तबलीपासून घोडीजवळ सात-आठ मिलिमीटरवर असतात, क्लासिकलला दहा-अकरा. बाराव्या पडद्यावरही फ्लॅमेंकोच्या तारा खाली, तीन मिलिमीटरच्या आतबाहेर. त्यामुळं जोरात मारलं की तार पडद्याला किंचित घासते, आणि ती खरखर त्यांना हवी असते. वाजवताना बोटानं तबलीवर ठोकेही मारतात, म्हणून तिथं एक पातळ पारदर्शक पत्रा चिकटवतात. तो नसेल तर वर्षभरात तबलीला खड्डा.

शिसवाची फ्लॅमेंकोही असते, तिला 'नेग्रा' म्हणतात. सायप्रसची ती 'ब्लांका'. काळी आणि गोरी, झालं.

मिरजेचा_भोपळा

खरखर हवी असते म्हणालात आणि हसू आलं. आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या त्या खरखरीचीच रोजी खातात. तंबोऱ्याची जवारी म्हणजे दुसरं काय? घोडी कानशीनं इतकी हलकी उतरवायची की तार तिच्यावर नुसती टेकत-सुटत राहिली पाहिजे. वर जवारीचा दोरा. एक केस इकडंतिकडं झाला की सूर बसला.

बाकी मिरजेत हे काम सुरू केलं ते शिकलगारांनी. तलवारींना धार लावणारे, शस्त्रं घडवणारे हात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ते काम आटत गेलं आणि ते तंबोऱ्याकडं वळले. म्हणजे तुमची दोन महिने धार लावण्याची कथा आमच्या गल्लीला शोभणारीच आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

सहातारी

भोपळासाहेब, अगदी. आणि गंमत अशी की क्लासिकल गिटारीत ही खरखर राहिली तर गिऱ्हाईक गिटार परत आणतं. माझ्या पहिल्या क्लासिकलची घोडी मी सवयीनं वरून गोल उतरवली होती. उस्तादांनी वाजवून बघितली, खूश झाले, "वा, काय जवारी आहे!" मी कपाळाला हात लावला.

खारा_वारा

सायप्रस म्हणजे आपला सुरूच ना? मग आयात कशाला करताय? आमच्याकडं किनाऱ्यावर सुरूची बनंच्या बनं उभी आहेत. वादळात पडलेली झाडं सरपणाला जातात. एक टेम्पो भरून पाठवू का?

पानगळ

थांबा थांबा, टेम्पो भरू नका. हा नावांचा जुना घोळ आहे. किनाऱ्यावरचा सुरू म्हणजे कॅज्युअरिना. तो सुईसारखा दिसतो, पण सूचिपर्णी नाहीच. लाकूड दगडासारखं कठीण आणि जड, वाळताना तडकतं. सायप्रस म्हणजे 'सरू', उर्दू शायरीत प्रेयसीच्या बांध्याला ज्याची उपमा देतात तो. एका उकारानं झाड बदललं.

असाच गोंधळ 'सीडर'चा. तबलीला जे वेस्टर्न रेड सीडर वापरतात ते थुजा, उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं. दांडीला जे स्पॅनिश सीडर वापरतात ते स्पेनचंही नाही आणि सीडरही नाही. ते मध्य-दक्षिण अमेरिकेतलं, कडुनिंब आणि महोगनीच्या कुळातलं. खरा सीडर म्हणजे आपला हिमालयातला देवदार, आणि तो यातल्या कशालाच वापरत नाहीत. धागाकर्ते, तुम्ही दांडीला काय वापरता?

खारा_वारा

बरं झालं विचारलं. टेम्पोवाला निघालाच होता.

सहातारी

पानगळ, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून खोलीत लावतो.

दांडीला तूण. मिरजेत सतार-तंबोऱ्याला पूर्वापार तेच वापरतात, आणि स्पॅनिश सीडरचा तो सख्खा चुलतभाऊ आहे. जुन्या वनस्पतिशास्त्रात तर दोघं एकाच नावाच्या घरात होते. हलकं, सरळ, वास जरा मसालेदार. हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. स्पेनच्या लोकांनी समुद्रापलीकडून जे आणलं, त्याच कुळातलं पन्नास किलोमीटरवर पडलेलं होतं.

तबलीला मात्र तडजोड नाही. युरोपातलं स्प्रूस नावाचं सूचिपर्णी लाकूड आयात करतो. शिसव जुन्या वाड्यांतून. वाडा पाडतात तेव्हा तुळया लोक लगेच उचलतात, पण पलंगाच्या फळ्या, कपाटांची दारं भंगारात येतात. सध्या जी क्लासिकल चालू आहे तिची पाठ एका पलंगाच्या डोक्याकडची फळी आहे. खिळ्याचं एक भोक वाचवता आलं नाही, तिथं शिसवाचाच टिकला बसवलाय. गिऱ्हाइकाला आधीच दाखवलं. तो म्हणाला, राहू दे, कुणीतरी शंभर वर्षं झोपलंय त्यावर.

उद्यमनगरी

धागा छान. पण स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आमच्या शॉपमध्ये सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, मायक्रॉनमध्ये काम चालतं. तुम्ही रंध्यानं दोन महिने जे करता ते मशीन अर्ध्या तासात करेल, आणि दरवेळी सारखं करेल. 'हातानं केलेलं' हे निव्वळ जादा पैसे मागायचं निमित्त नाही का?

सहातारी

राग कसला, मी स्वतः उद्यमनगरात महिन्यातून चार चकरा मारतो. बाजू वाकवायचा पाइप तुमच्याकडच्याच एका लेथवाल्यानं करून दिलाय. पडद्यांच्या खाचांची पट्टीही मशीनवर कापून घेतली आहे. ६५० मिलिमीटरच्या तारेला पहिला पडदा ३६.४८ वर, पुढचा त्यापासून ३४.४३ वर, म्हणजे दरवेळी उरलेल्या लांबीला १७.८१७ नं भागत जायचं. हे हातानं मोजण्यात काही पुण्य नाही. सतारीचा पडदा सरकवता येतो, गिटारचा चुकला तर चुकला.

आणि हातानं केलं म्हणून चांगलं होतं असंही नाही. माझ्या पहिल्या तीन गिटारी हातानंच केल्या होत्या, तिन्ही भंगार. एकीत आता बायको कांदे ठेवते.

पण तबलीची गोष्ट वेगळी. तुमचं मशीन मला प्रत्येक तबली बरोबर २.३ मिलिमीटरची कापून देईल. अडचण अशी की लोखंडाची प्लेट दुसऱ्या प्लेटसारखी असते, लाकडाची फळी नसते. एकाच खोडातून शेजारी-शेजारी चिरलेल्या दोन फळ्यांत एक ताठ असते, एक मऊ. ताठ असली तर २.१ पर्यंत उतरवावी लागते, मऊ असली तर २.५ वर थांबावं लागतं. मी मायक्रोमीटर वापरतो, पण शेवटच्या दोन-तीन दशांशांना तो बाजूला ठेवतो. फळी दोन्ही हातांत आडवी धरायची, अंगठ्यांनी मधोमध दाबायची. मग रंध्याचा एक हात, पुन्हा दाबायची. एका क्षणी ती ताठपणा सोडते. पापड भाजताना एका सेकंदाला तो कसा वळतो, तेवढाच क्षण. त्याच्यापुढं दोन हात जास्त मारले की ती फळी गेली, सरपण.

तुम्ही मशीनला हे शिकवाल त्या दिवशी मी तुमच्याकडं नोकरी मागायला येईन. मनापासून.

उद्यमनगरी

पापडाचं उदाहरण पटलं. तबली एवढी महत्त्वाची, मग पाठ-बाजूच्या लाकडावर एवढी चर्चा कशाला?

सहातारी

हाच प्रश्न स्पेनच्या एका सुतारानं १८६२ मध्ये सोडवायला घेतला होता. अंतोनिओ दे तोरेस, अल्मेरियाचा, १८१७ ते १८९२. आज जिला आपण क्लासिकल गिटार म्हणतो तिचा आकार, ६५० ची तार, तबलीच्या आत पंख्यासारख्या सात काड्या, हे सगळं त्यानं बसवलं. काड्यांचा पंखा त्याच्या आधीही होता, त्यानं तो नीट जमवला. तर सूर तबलीतून येतो हे दाखवायला त्यानं एका गिटारची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या पुठ्ठ्याच्या केल्या. तबली स्प्रूसची. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

म्हणजे पाठीला काही किंमत नाही असं नव्हे. रंग तिथून येतो. पण धंदा आणि सूर यातला फरक समजून घ्यायचा असेल तर पुठ्ठ्याची गिटार आठवावी. शिसवाची पाठ दाखवून पाट विकणारे बरेच आहेत.

अनवट

लेख आवडला, पण 'पारंपरिक' हा शब्द खटकला. तुम्ही स्पेनला गेला आहात का? तिथल्या कारागिराकडं शिकला आहात का? नाही तर परंपरा कुणाची?

सहातारी

स्पेनला गेलेलो नाही. ग्रॅनडात गिटार करणाऱ्यांचा एक चढाचा रस्ताच आहे, तो बघायची इच्छा आहे. पासपोर्ट काढून ठेवलाय, पैसे लाकडात जातात.

पारंपरिक म्हणतो ते पद्धतीला. कारखान्यात पेटी वेगळी होते, दांडी वेगळी होते, मग दोन्ही जोडतात. स्पॅनिश रीतीत दांडी आधी. दांडीच्या मुळालाच दोन खाचा, त्या खाचांत बाजू शिरतात, पेटी दांडीभोवतीच उभी राहते. भोवती साचा नाही, खाली एक पाट असतो, मधे किंचित खोलगट. त्यावर तबली पालथी घालून सगळं वर चढवत न्यायचं. खोलगटपणामुळं तबलीला जेमतेम कळेल असा फुगवटा मिळतो. बाजू आणि तबली यांचा सांधा सलग पट्टीनं धरत नाहीत. हरभऱ्याएवढे लाकडाचे तुकडे एकेक करून सरसानं चिकटवतात, बोटानं धरून, सरस धरेपर्यंत. शंभराच्या वर तुकडे. त्या दिवशी फोन बंद.

हात मिरजेचा आहे, मांडणी स्पेनची. याला दुसरं नाव सुचत असेल तर सांगा, खरंच वापरेन.

अनवट

नाही, राहू द्या. शब्द मागे घेतो.

तांबडा_पांढरा

तो पाइपवर बाजू वाकवायचा प्रकार जरा सांगा की. मोडत नाही?

सहातारी

मोडते की! दोन मिलिमीटरची शिसवाची पट्टी, ऐंशी सेंटिमीटर लांब. पाइप आतून बर्नरनं तापवायचा. तापला का हे बघायला भाकरीच्या तव्यावर मारतो तसा पाण्याचा हबका मारायचा. थेंब चर्र करून जागीच आटला तर थांबा, थेंब गोळी होऊन पळाला की तयार. पट्टी ओली करून टेकवायची आणि ढकलायचं नाही. नुसतं वजन द्यायचं. थोड्या वेळानं लाकूड आपण होऊन हातात सैल पडतं, ते मनगटाला कळतं. शिसव त्या वेळी गुलाबासारखं दरवळतं. इंग्रजीत त्याला रोजवूड का म्हणतात ते त्या खोलीत उभं राहिल्यावर समजतं.

कमरेच्या वळणाला घाई केली की काडकन. मग पलंगाची दुसरी फळी शोधा.

सोसाट्याचा_वारा

पावसाळ्यात काय करता? कोल्हापूरचा पाऊस म्हणजे कपाटातले कपडे हिरवे होतात.

सहातारी

हा खरा दुखरा प्रश्न.

गिटार चिकटवायची हवेतला दमटपणा ४५ ते ५० टक्के असताना. आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये काटा ऐंशीच्या खाली येत नाही, आणि मार्चच्या दुपारी तिशीच्या खाली जातो. स्प्रूस आडवा फुगतो आणि आडवा आकसतो. घराचं दार पावसात घासतं आणि उन्हाळ्यात खडखडतं, तसंच. फक्त दार एवढं पातळ नसतं आणि त्याच्या पाठीला आडव्या पट्ट्या चिकटवलेल्या नसतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला. माझी माडी पाण्याच्या वर राहिली, पण वीज गेली आणि हवा कोरडी करायचं मशीन बंद पडलं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, दूध मिळेना, तिथं गिटारीची काय कथा. महिनाअखेरीला गिऱ्हाइकाचा फोन, कार्यक्रम ठरलाय, कधी देताय? मी काट्याकडं बघितलं. ७८. मला माहीत होतं थांबायला हवं. तरी चिकटवली, पूर्ण करून सोलापूरला पोचवली, पैसेही घेतले.

पुढच्या मार्चमध्ये रात्री साडेअकराला फोन. "गिटार कोपऱ्यात उभी होती, कुणी हात लावला नाही, काठी मोडल्यासारखा आवाज आला." फुगलेली तबली मी आडव्या पट्ट्यांना बांधून टाकली होती. सोलापूरच्या कोरड्या हवेत तिला आकसायचं होतं आणि पट्ट्या सोडेनात. दांडीच्या शेजारून सरळ खाली चीर. नवी तबली घालून दिली, पैसे घेतले नाहीत. जुनी तबली खोलीत खिळ्याला लटकवलीय, काट्याच्या बरोबर खाली.

आता जून ते सप्टेंबर चिकटवणं बंद. दांड्या कोरायच्या, हत्यारं बघायची, मिरजेला जायचं. पॉलिशही नाही. चपडी, म्हणजे लाखेचे पापुद्रे, स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या पोटलीनं पॉलिश करतो, दमट हवेत ते पांढरं पडतं, आरशावर वाफ धरल्यासारखं. लाख आपल्या झारखंडची, तीच जगभरातले गिटारवाले वापरतात. एवढं एक तरी आपल्याकडून तिकडं जातं.

काटकसर

इतकं सगळं वाचून किंमत विचारायची हिंमत होत नाही.

सहातारी

व्यनि करा. चहा पिऊन मग वाचा.

अस्ताई

एक विचारू? आता वाजवत नाही का अजिबात? वाचताना सारखं तेच डोक्यात येत होतं.

सहातारी

तार जुळवायला वाजवतो. नखाविना, बोटाच्या मांसानं. स्पेनचा थोर गिटारवादक फ्रान्सिस्को तारेगा, त्यानंही शेवटच्या वर्षांत नखं सोडली होती असा मी स्वतःला धीर देतो, पण तो तारेगा होता. मांसानं सूर मऊ येतो आणि नव्या गिटारीची परीक्षा त्यानं होत नाही. ती कुठं बोथट आहे, कुठं ओरडते, ते नखानंच कळतं.

म्हणून गिटार झाली की माझी क्लासमधली एक जुनी विद्यार्थिनी येते. ती आता बँकेत आहे, नखं अजून ठेवलीयत. ती आत बसून वाजवते आणि मी जिन्यात जाऊन उभा राहतो. खोलीत राहिलो तर डोळे तिच्या बोटांवर जातात आणि मन म्हणतं इथं असं नको, तसं वाजव. जिन्यात फक्त गिटार ऐकू येते. मागच्या महिन्यात एकीचा तिसऱ्या तारेचा सूर इतका भरून आला की मी चार पायऱ्या वर आलो. मग पुन्हा खाली गेलो.

अस्ताई

🙏

तांबडा_पांढरा

दादा, माझ्याकडं कॉलेजातली एक जुनी गिटार पडून आहे. पुढच्या रविवारी आणू का? नुसती बघा.

सहातारी

या की. रविवारी मिरज नसेल तर असतोच. पाऊस असेल तर कागद गुंडाळू नका, चादरीत आणा. आणि घोडीला कुणी स्क्रू मारले असतील तर आदल्या दिवशी फोन करून सांगा, म्हणजे माझी तयारी राहील.

तांबडा_पांढरा

तीन मारलेत.